झाकण्याआधीचा कागद

३ फेब्रुवारी

चि. मोजणीबाईस,

आजीचे डोक्यापासून पायापर्यंत आशीर्वाद. डोकं तुझं, पाय माझे. दोन्हींवर सध्या भार फार आहे असं ऐकते.

इकडे सगळं ठीक. हे पत्र पलीकडच्या खोलीतली शिवणवाली लिहून देते आहे. आधी टपालवाल्याची बायको लिहायची, पण तिला माझं बोलणं सुधारायची खोड. तुला मागच्या वर्षी गेलेली पत्रं तुझ्या आजीची नव्हती, कुणा मंत्र्याची होती. हिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाई, मी देते ते कापड जसंच्या तसं शिव, वर झालर लावू नकोस. ती हसली. हसली की हिचं अक्षर वाकडं येतं, त्याला माझा इलाज नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारलंस. फोनवर तू ‘हं, हं’ म्हणतेस आणि मागे तुझी बोटं टकटक करत असतात. एकदा मी मुद्दाम म्हटलं, ‘काल मी मेले.’ तू म्हणालीस, ‘हं, बरं झालं.’ तेव्हापासून मी पत्र पाठवते. वाचताना तरी तुला दुसरं काही करता येत नाही.

आता तुझ्या इमारतीचं. तुझी म्हणते, कारण तुझ्या संस्थेची आहे, आणि तिचे करारमदार तुझ्या टेबलावर आहेत. गिलावा झाला. पुढे दोन वर्ग, मधे डॉक्टरीणबाईंची तपासणीची खोली, मागे लहानग्यांची झोपायची खोली. वस्तीतली मुलं रोज विचारतात, कधी उघडणार. पुरात घरं गेल्यापासून, दोन वर्षं झाली, ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत शिकताहेत. सावली सरकते तसा वर्ग सरकतो. दुपारी सावली नाल्यावर जाते, मग शाळा सुटते.

ठेकेदाराला इथे सगळे ‘होऊनजाईल’ म्हणतात. काहीही विचारा, शर्टाच्या खिशातून कंगवा काढतो, केस मागे घेतो आणि म्हणतो, होऊन जाईल. माणूस वाईट नाही. पण त्याचं जे होऊन जातं ते कसं होऊन जातं, हे बघायला कुणीतरी लागतं. तुमचा इंजिनिअर एकटा पाच कामांवर पळतो, इथे पंधरा दिवसांनी तोंड दाखवतो. म्हणून तर तू तो नियम काढलास. जे काम पुढे मातीखाली नाहीतर गिलाव्याखाली जाणार, ते झाकण्याआधी वस्तीतल्या तिघांनी डोळ्यांनी बघायचं आणि कागदावर सही करायची. तो कागद नसेल तर ठेकेदारानं पुढे हात लावायचा नाही. आणि तुझा ड्रायव्हर सांगत होता, की भरल्या बैठकीत तू साहेबांना म्हणालीस, हे मला माझ्या आजीनं शिकवलं.

मी काय शिकवलं डोंबल. चाळीस वर्षं डोक्यावर घमेलं घेऊन दुसऱ्यांच्या इमारती चढले-उतरले, तेव्हा तुला एवढंच सांगायची, की रंग काय, येणारा-जाणारा कुणीही बघतो, तू खड्डा बघ. तू तेव्हा चार वर्षांची. तुझी आई गेल्यावर तुला ठेवणार कुठे, म्हणून कामावरच न्यायची. तू वाळूच्या ढिगावर बसून माझी घमेली मोजायचीस. मुकादम म्हणायचा एकशे दहा, तू म्हणायचीस एकशे चौदा. आणि चौदाच असायची. बाकीच्या बायका तुला मोजणीबाई म्हणायला लागल्या, ते आजवर चालू आहे.

समितीत आम्ही तिघं आहोत हे तुला ठाऊक आहेच. मी, न्हावी आणि दूधवाली. मी तुझी आजी आहे हे तू साहेबांना आधीच सांगितलंस आणि पगार नाही म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं, हे फार बरं केलंस. न्हाव्याला वाटतं त्याला सगळं कळतं. दूधवालीला पाणी किती घातलंय तेवढं नक्की कळतं. उरलेलं मी बघते.

मागच्या खोलीचं दार थोडं अडत होतं. सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. फुगायला ओल लागते, आणि इथे ओठ फुटताहेत इतकी कोरडी हवा. असो. त्यानं दार खालून तासलं. आता लागतं.

तुझ्या काकाला काम लागलं. मुकादमाचं आहे. कुठे, ते आलीस की बोलू. रोज दाढी करतो. पाच वर्षांनी घरातून कुणी डबा घेऊन बाहेर पडतंय, ते दारातून बघायला मला बरं वाटतं. आणखी विचारू नकोस.

जेवत जा. उभ्यानं जेवू नकोस. खाली माझा अंगठा आहे. शिवणवालीकडे निळी शाई आहे, त्यामुळे तो साहेबासारखा दिसतो.

तुझी आजी


२ मार्च

चि. मोजणीबाईस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं. शिवणवालीनं वाचून दाखवलं. प्रश्न एक, प्रश्न दोन, प्रश्न तीन. मी तिला विचारलं, हिनं आजीला पत्र लिहिलंय की निविदा काढली आहे?

तरी ओळीनं उत्तरं देते, नाहीतर तू मला अपात्र ठरवशील.

प्रश्न एक, गुडघा. आहे. दोन्ही आहेत.

प्रश्न दोन, दार का तासावं लागलं. ते मी लिहिलं, आणि सुतार म्हणाला तेही लिहिलं. परवा ते परत अडायला लागलं. सुतार परत आला. आता खालून बोटभर फट आहे, मांजर जाईल. मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून एक रेघ गेली होती, तिच्यावर पुट्टी मारून रंग दिला. रंग छान आहे, पिवळा. मी होऊनजाईलला विचारलं, ‘भिंतीला काय झालं रे?’

म्हणाला, ‘नवं बांधकाम आहे आजी, थोडं बसतं.’

मी म्हटलं, ‘बसायचं वय माझं आहे. त्याचं उभं राहायचं.’

त्यानं कंगवा काढला.

प्रश्न तीन. तू लिहिलंस की खांबांच्या बारा खड्ड्यांचे बारा फोटो ऑफिसात आले, आणि बारातल्या तीन फोटोंत एकच दगड दिसतो, कोपरा तुटलेला. म्हणून तू विचारतेस, आजी, बाराही खड्डे तू स्वतः बघितलेस ना? अगं, दगडासारखा दगड असतो. तुझ्या शाळेच्या फोटोत तुला तरी मी दर वेळी कुठे ओळखायची. आणि कागदावर अंगठा माझाच आहे. तो काही कुणी तोडून नेला नव्हता.

झालं? झालं.

आता बाकीचं. उद्घाटन महिनाअखेरीला, आणि त्याआधी अठ्ठावीसला तू कामपूर्तीचा दाखला सही करणार, असं इथे सगळ्यांना पाठ झालं आहे. तो दाखला दिला की ठेकेदार मोकळा, इमारत मुलांची. देणगी देणारे लोक येणार म्हणून रस्त्यावर चुना टाकायचं ठरलं आहे. दूधवालीनं तिची म्हैस त्या दिवशी कुठे बांधायची यावर समितीची बैठक घ्यायला लावली. दोन तास. खांबांसाठी बैठक झाली होती ती दहा मिनिटांची.

शिवणवाली साठ ॲप्रन शिवते आहे, तुझ्या संस्थेनंच दिलंय ते काम. प्रत्येकाला खिसा. मी म्हटलं, एवढ्याशा मुलांना खिसा कशाला? म्हणाली, आजी, पुरातून आली आहेत, आपलं म्हणून काहीतरी ठेवायला जागा नको? तिची चिमणी पाच वर्षांची आहे, तिचा ॲप्रन तिनं सगळ्यात आधी शिवला. चिमणी तो घालून वस्तीभर फिरते आणि माझ्यासमोर उभी राहून विचारते, ‘आजी, झोपायच्या खोलीत तुम्ही पण येणार का? तुम्ही पण दुपारी झोपता.’ मी म्हटलं, मी झोपत नाही, मी डोळे मिटून विचार करते. ती म्हणाली, विचार करताना घोरता.

काका म्हणत होता, भिंतीला परत एकदा पुट्टी मारू, मग काही दिसणार नाही.

शिवणवाली विचारते आहे, हे खोडू का. नको, खोडलं की जास्त दिसतं. कुठून तरी त्याच्या कानावर आलं असेल. वस्तीत काय, सगळं सगळ्यांच्या कानावर येतं.

तू इकडे यायचं म्हणतेस ते उद्घाटनालाच ये. त्याआधी धावपळ करू नकोस. की ये? नको. तुझं तू ठरव, मी आपली म्हातारी.

तुझी आजी


२१ मार्च

मोजणीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते या पत्राच्या शेवटी तुला हवे असले तर घे.

तू परत विचारलंस. या वेळी एकच प्रश्न, नंबर न घालता. ‘आजी, खरं सांग, खड्ड्यांपाशी गेली होतीस का?’ नंबर नव्हता त्यावरून मला कळलं, की तू आता ऑफिसातून विचारत नाहीस.

मंगळवारी दुपारी शाळेच्या बाईंनी लहान मुलांना सवय व्हावी म्हणून मागच्या खोलीत नेऊन झोपवलं. सोळा मुलं, सोळा चटया. मी दारात बसले होते. बाई म्हणाल्या डोळे मिटा, सगळ्यांनी मिटले आणि सगळी बोटांच्या फटीतून बघत होती. चिमणी भिंतीकडच्या चटईवर होती. थोड्या वेळानं तिनं मला खुणेनं बोलावलं. मी वाकले, म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. ती हळूच म्हणाली, ‘आजी, इथे माझं बोट जातं.’

पिवळ्या रंगात, चटईपासून वीतभर वर, तिचं बोट पेरापर्यंत आत होतं.

फेब्रुवारीत तिथे रेघ होती. मार्चच्या सुरुवातीला नख गेलं असतं. ती भेग वरून खाली येत नव्हती, बाळ, खालून वर चालली होती. गिलाव्याची भेग अशी चालत नाही. हे मला दिसत होतं, दोन महिने दिसत होतं, आणि मी तुला मांजराचे विनोद लिहून पाठवत होते.

आता जे सांगणार आहे ते शिवणवालीच्या हातानं कागदावर येणार आहे. दोन पत्रं मी गप्प राहिले त्यात तुझी भीती होतीच, पण खरी भीती हिची होती. तुझ्यापर्यंत शब्द पोचायला आठ दिवस लागतात. हिच्यापर्यंत लगेच पोचतो. लिही बाई. लिही, मी खड्डे बघितले नाहीत. एकही नाही.

*

मधे दोन दिवस गेले. तिनं पेन ठेवलं, मशीनवरचा ॲप्रन घडी केला आणि चिमणीला हाताला धरून निघून गेली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारायची?

आज ती एकटीच आली. दारात उभी राहून म्हणाली, ‘आजी, तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे?’

मी म्हटलं, ‘ऑक्टोबरपासून शंका. दार दुसऱ्यांदा अडलं तेव्हापासून खात्री.’

‘म्हणजे मी तुमच्यासमोर बसून ॲप्रन शिवत होते तेव्हा.’

‘हो.’

‘खिसे लावत होते तेव्हा.’

‘हो.’

ती खाली बसली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि म्हणाली, ‘सांगा. सगळं सांगा. आणि भराभर सांगू नका, एक अक्षर चुकायला नको.’

तर सगळं सांगते.

काका होऊनजाईलच्याच कामावर मुकादम आहे. सप्टेंबरपासून. करार बघणाऱ्याच्या रक्ताच्या नात्यातलं माणूस ठेकेदाराच्या पगारावर चालत नाही, हे तुझ्या त्या नियमांत आहे, आणि ते काकालाही माहीत होतं आणि मलाही. मी त्याला म्हटलं, तिला सांगू या. तो म्हणाला, सांगितलं की पहिल्या दिवशी घरी बसवतील. पाच वर्षं तो घरी बसला होता, तुला माहीत आहे, पुराच्या आधीपासून. भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी म्हटलं, बरं, नको सांगू. म्हणून मी तुला फोन करत नव्हते. तुझी बोटं टकटक करतात ते खरं आहे, पण फोन काकाचा आहे आणि तो त्याच्या खिशात असतो, आणि मी बोलत असले की तो जवळच उभा असतो. हे पहिल्या पत्रात लिहायचं होतं. विनोद सुचला, तो लिहिला.

खड्डे ऑक्टोबरात काढले. ज्या दिवशी बघायचे होते त्या दिवशी तुमचा इंजिनिअर दुसऱ्या कामावर होता. माझा गुडघा सुजला होता, हे खोटं नाही, पण एवढा नव्हता. काका दुपारी घरी आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत शाईचं पॅड आणि तुझा तो कागद. म्हणाला, ‘आई, उगाच चिखलात कशाला येतेस, मी बघितलेत बाराही.’

मी त्याला चहा दिला. विचारलं, ‘पक्की जमीन लागली?’

म्हणाला, ‘लागली.’

कपात बघून म्हणाला. लहानपणापासून तो खोटं बोलताना हातातल्या वस्तूकडे बघतो. मी त्याची आई आहे, हे मला कळत नाही असं कसं होईल? मला कळलं. मी दुसरीकडे बघितलं, त्याच्या बुटांकडे. नवे होते, नाडी नीट बांधलेली होती. मी अंगठा पुढे केला.

न्हाव्यानं आणि दूधवालीनं सही केली ती माझा अंगठा बघून. ‘आजीनं बघितलंय म्हणजे झालं,’ असं म्हणून. म्हणजे तुझ्या कागदावर तीन माणसं नाहीत. एकच आहे, आणि ते घरात बसून चहा पीत होतं.

पुढच्या आठवड्यात घमेली वाहणाऱ्या एका बाईनं मला सहज बोलता बोलता सांगितलं. पुढचे नऊ खड्डे कातळापर्यंत गेले. मागचे तीन नाही गेले. तिथे माती संपतच नव्हती, आणि माती तरी कसली? पूर ओसरल्यावर यंत्रानं ज्या कडेला सगळा कचरा ढकलून सपाट केला होता, ती ही जागा. खड्ड्यातून गाद्यांचा कापूस निघाला. भांडी निघाली. कुणाच्या तरी दाराची चौकट निघाली, कडीसकट. आणखी खोल जायचं तर पंधरा दिवस लागले असते. उशीर झाला तर ठेकेदाराला दंड, हे कलम तूच घातलंस, मुलं उन्हात बसतात म्हणून. होऊनजाईल म्हणाला, भरा. काकानं भरलं. एका चांगल्या खड्ड्याचे आणखी तीन बाजूंनी तीन फोटो काढले. तो तुटक्या कोपऱ्याचा दगड तू बरोबर पकडलास. मुकादमानं गाळलेली चारच्या चार घमेली तू बरोबर मोजायचीस, तुला कोण फसवणार? फक्त मी फसवू शकत होते, कारण माझ्याकडे तू बघितलं नाहीस.

मागचे तीन खांब आमच्या बुडालेल्या घरांवर उभे आहेत. आणि त्यांच्यामध्ये सोळा चटया.

परवा मी काकाला सांगितलं, मी लिहून कळवते आहे. तो जेवायला बसत होता.

म्हणाला, ‘पोरीची नोकरी जाईल, आई. तिची आजी समितीत, काका मुकादम. कोण मानेल तिला माहीत नव्हतं?’

मी म्हटलं, ‘जाईल कदाचित.’

‘माझी?’

‘तुझी तर जाईलच. आणखीही काही होईल.’

‘मग राहिलं काय आपल्याकडे?’

मी म्हटलं, ‘ताट घे, निवतंय.’ त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, ‘मी रोज जाऊन ती भेग बघतो, आई. सकाळी सगळ्यांच्या आधी. रोज वाटतं, आज तेवढीच असेल.’ कपडे पिशवीत भरले आणि कामावरच्या शेडमधे राहायला गेला. बूट इथेच ठेवून गेला, चपला घालून. का, ते मला विचारू नकोस.

त्याच्यावर मी सगळं ढकलत नाही. त्यानं खोटं सांगितलं. त्याला खरं करण्याचं काम मी केलं.

आता तुझ्या कामाचं. अठ्ठावीसला सही करू नकोस. मागच्या तिन्ही खांबांशेजारी खोदून बघा, मी कुठे ते दाखवते. पुढचे वर्ग चांगले आहेत असं ती घमेलंवाली बाई म्हणते, पण तिचं ऐकू नका, माझंही ऐकू नका, सगळीकडे खोदा. मागच्या खोलीची किल्ली मी पहारेकऱ्याकडून मागून घेतली आहे. होऊनजाईल काल दोनदा आला. ‘आजी, किल्ली द्या, रंगाचा हात मारायचाय.’ मी म्हटलं, होऊन जाईल. त्यानं कंगवा काढला आणि तसाच परत ठेवला. मी दिवसभर त्या दारात बसते. दुपारी मुलं येतात आणि विचारतात, आम्ही कधी झोपायचं? मी म्हणते, टाकीखाली जा. ती जातात. परवापर्यंत त्यांना मी आवडत होते.

न्हाव्याला आणि दूधवालीला मी स्वतः जाऊन सांगितलं. दूधवाली रडली, शिव्या दिल्या, मग मला घरापर्यंत सोडायला आली. न्हावी दुकानात होता. एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याची अर्धी दाढी झाली होती, ती तशीच ठेवून तो वस्तरा पुसत राहिला.

शिवणवाली म्हणते, आजी, एवढं लिहिण्यापेक्षा माझ्या फोनवरून तिला आत्ता सांगा. मी म्हटलं, नको. फोनवर मी रडेन, ती म्हणेल, बघू आजी, आणि ते बोलणं हवेत जाईल. तिला कागद लागतो. ज्या कागदानं चूक झाली तो ऑफिसात फाईलला आहे. त्याच्या शेजारी हा लागला पाहिजे. हे पत्र साहेबांना दाखव. काकाचं काम मी तुझ्यापासून लपवलं, तुला माहीत नव्हतं, हे यात तीन ठिकाणी लिहिलं आहे, तू मोजून घे. त्यानं तुझी नोकरी वाचेल असं मी म्हणत नाही. पण तू खोटी ठरणार नाहीस.

तू हे पत्र फाडशील, असं मला मधे एकदा वाटलं. आजीसाठी, काकासाठी. वाळूच्या ढिगावरून मुकादमाला ‘एकशे चौदा’ ओरडून सांगणाऱ्या पोरीबद्दल मला असं वाटलं, याची मला या सगळ्यात जास्त लाज वाटते.

पत्र टपालानं पाठवत नाही. शिवणवाली उद्या पहाटेच्या गाडीनं स्वतः घेऊन येते आहे. चिमणी तिच्याबरोबर असेल, कुणाकडे ठेवायला तयार नाही ती. माझ्याकडे तर नाहीच. त्यांना आधी जेवायला दे. मग वाच.

शिवणवालीनं आता सगळं मला परत वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून, सावकाश. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि विचारते आहे, खाली नेहमीसारखं ‘तुझी आजी’ लिहू का.

नको म्हटलं. नातं लिहिलं की असा कागद तुमच्याकडे कच्चा धरतात ना? मग हे लिही बाई, आणि त्याच्यावर मी अंगठा देते:

वस्ती समितीची सभासद,
जिने खड्डे पाहिले नाहीत